बाहेर पडणाऱ्या पाण्याचाही हिशेब द्या

नाशिक जिल्ह्यात निचऱ्याविषयी बोलायला उभे राहिले की उत्तर ठरलेले असते. इथे उन्हाळ्यात टँकर लागतात, आवर्तनासाठी मोर्चे निघतात, जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले की गंगापूर आणि दारणा धरणांवर वातावरण तापते. आणि तुम्ही आम्हाला शेतातून पाणी बाहेर कसे काढायचे ते सांगता? निचरा हा सांगली-कोल्हापूरकडचा प्रश्न, उसाला पाणी पाजून जमिनी घालवणाऱ्यांचा. आमचा प्रश्न पाणी आणण्याचा. निवृत्त अभियंते असे म्हणतात, जाणते बागाईतदार म्हणतात, पाण्यावर कळकळीने लिहिणारेही म्हणतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि तो खरा मानून आपण निफाड-दिंडोरीच्या जमिनीचे आणि विहिरींचे नुकसान होऊ देत आहोत.

आधी एक साधा हिशेब करू. विहिरीचे किंवा पाटाचे पाणी तपासायला दिले आणि त्याची विद्युतवाहकता ०.७५ डेसीसीमेन प्रति मीटर आली, तर कोणतीही प्रयोगशाळा ते पाणी सिंचनाला चालेल असेच सांगेल. चालतेही. पण अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण ४८० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. वर्षभरात त्या पाण्याच्या सगळ्या पाळ्या मिळून ५०० मिलिमीटर पाणी दिले, तर एकरी २,००० घनमीटर पाणी झाले. आणि त्याच्याबरोबर एकरात आले जवळजवळ एक टन क्षार. एका वर्षात. पीक पाणी उचलते आणि क्षारांचा बहुतेक भाग मागे ठेवते. उन्हाने पाणी उडते, क्षार तिथेच राहतात. त्यांना शेतातून जायला वाट एकच आहे, पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरून तिथून बाहेर पडण्याची. ही वाट बंद असेल तर दहा वर्षांत दहा टन साठतात, मग पाणी कितीही काटकसरीने दिलेले असो.

आता हा हिशेब जिल्ह्याच्या पावसाशी ताडून पाहा. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथली जमीन पाऊसच धुऊन काढतो. तेच ढग पूर्वेकडे सरकत येवल्याला पोचेपर्यंत पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. एवढ्या पावसात काळ्या भारी जमिनीतले वर्षभराचे क्षार खाली उतरतीलच याची खात्री नसते. म्हणजे पाऊस जितका कमी, तितकी सिंचनावर मदार जास्त. सिंचनावर मदार जितकी जास्त, तितके बाहेरून आलेले क्षार जास्त. आणि ते धुऊन न्यायला पाणी कमी. टंचाईच्या मुलुखाला निचऱ्याची चैन परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी कार्यकारणच उलटे धरले आहे. सिंधूच्या खोऱ्यात किंवा इराकमध्ये जमिनी खारावल्या त्या कमी पावसाच्या मुलुखात, बाहेरून आणलेल्या पाण्याखाली.

निफाडची माती तर या बाबतीत फारच नाजूक. गोदावरी आणि कादवेच्या काठच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि फुगलेल्या अवस्थेत तिच्यातून पाणी अगदी सावकाश खाली उतरते. खाली कुठे मुरूम, कुठे कठीण बेसॉल्ट. खडकाने अडवलेले पाणी वर वर येते आणि जमीन चिबड होते. पाण्यात सोडियम जास्त असेल तर मातीचे कणच विस्कटतात, ती चोपण होते, आणि चोपण जमिनीत पाणी उतरतच नाही. एकदा हे चक्र सुरू झाले की जिप्सम टाका, धैंचा गाडा, शेणखत ओता. खाली पाण्याला वाट नसेल तर जिप्समने सुटा केलेला सोडियम जाणार कुठे? तो तिथेच राहतो. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत जिप्समबरोबर निचऱ्याचे चर सांगितलेले असतात, ते याच कारणाने. शिफारशीचा पहिला अर्धा भाग दुकानात विकत मिळतो म्हणून पाळला जातो. दुसरा अर्धा भाग बांधाच्या पलीकडे जातो, शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्यापर्यंत, म्हणून राहून जातो.

आणि पिके कोणती? गहू मातीतली ६ डेसीसीमेनपर्यंतची क्षारता उत्पन्नात घट न होता सोसतो, कापूस त्याच्याही वर. ऊस १.७ ला कुरकुरू लागतो. द्राक्षाची मर्यादा सुमारे १.५, आणि कांद्याची १.२. ज्या दोन पिकांवर नाशिकचे नाव साऱ्या देशात घेतले जाते, ती दोन्ही क्षाराच्या बाबतीत हळव्या पिकांत मोडतात. जमीन पांढरी फुटेपर्यंत, मीठ डोळ्यांना दिसेपर्यंत, कांदा आणि द्राक्ष थांबत नाहीत. उत्पन्न त्याआधीच गळायला लागलेले असते, आणि आपण दोष देतो हवामानाला, औषधाला, नाहीतर रोपवाटिकेला.

बागाईतदाराला हे कळत नाही असे मी म्हणत नाही. त्याला चांगलेच कळते. फक्त त्याने केलेला उपाय आपण निचऱ्याच्या खात्यात मांडलेला नाही. गेल्या तीनेक दशकांत नाशिकच्या द्राक्षबागा स्वतःच्या मुळांवरून डॉगरिजसारख्या जंगली खुंटांवर गेल्या. आधी जंगली रोप लावायचे, ते वाढवायचे, मग त्यावर थॉमसनचे कलम भरायचे; यात वेळही जातो आणि पैसाही. हे कशासाठी? पाण्याचा ताण आणि खारे पाणी, दोन्ही सोसणारे मूळ हवे म्हणून. याचा अर्थ, बिघडत चाललेल्या जमिनीचे आणि पाण्याचे बिल द्राक्षवाला आजही भरतो आहे. ते रोपाच्या खर्चात धरले जाते, एवढेच.

इथे ठिबकवाले पुढे येतात. ठिबक आले, आता वाहून जाणारे पाणीच उरले नाही, मग निचरा कशाचा? हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. ठिबकने पाणी वाचते, पाणथळ होण्याचा वेग मंदावतो, हे निर्विवाद. नाशिकच्या शेतकऱ्याने ठिबक ज्या तयारीने आत्मसात केले त्याला तोड नाही. पण ठिबक क्षार वाचवत नाही. ते क्षारांची जागा बदलते. ड्रिपरखाली ओलावा पसरतो आणि ओलाव्याच्या कडेला, जिथे ओले संपून कोरडे सुरू होते तिथे, क्षार गोळा होतात. जूनचा पहिला हलका पाऊस तेच क्षार परत मुळांकडे लोटतो. म्हणून जाणता बागाईतदार त्या दिवशी पाऊस असूनही ठिबक चालू ठेवतो. पुढे जोराचा पाऊस झाला, तर ते खाली जातात. खाली कुठे? निचरा नसेल तर हात-दीड हात खाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात केशाकर्षणाने पुन्हा वर. निचरा असेल तर शेजारच्या विहिरीत किंवा ओढ्यात.

आणि क्षारांबरोबर नत्रही जाते. ठिबकमधून विद्राव्य खते देणे सोपे झाले, आणि जे सोपे होते ते थोडे जास्तच होते. खरड छाटणीनंतर काडी फुटायला नत्र, फळछाटणीनंतर वाढीला नत्र. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्यात विरघळून राहते. मातीचा कण त्याला धरून ठेवत नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुने या मर्यादेच्या पलीकडे गेलेले दिसतात. त्यात सांडपाण्याचा, शेणखड्ड्यांचा, संडासाच्या टाक्यांचा वाटा आहेच. खताचाही आहे. किती कोणाचा, हे विहिरीच्या काठावर उभे राहून सांगता येत नाही. त्यासाठी वरच्या शेतापासून खालच्या ओढ्यापर्यंत मोजत जावे लागते.

म्हणूनच निचरा आणि पाण्याची गुणवत्ता हे दोन वेगळे विषय करणे मला मान्य नाही. शेत चांगले धुतले गेले तर विहीर बिघडते. विहीर राखायची म्हणून निचरा बंद केला तर शेत मरते. यातून वाट काढायची तर किती पाणी, किती खत, केव्हा, आणि बाहेर पडलेले पाणी कुठून न्यायचे, या चारही गोष्टी एकत्र ठरवाव्या लागतील. एका शेतकऱ्याच्या हातात हे नाही. एका खात्याच्या हातातही नाही.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा आहे आणि त्याचे मूळ खऱ्या अन्यायात आहे. घाण शहराची, आणि तपासणी आमच्या शेताची? नाशिक शहर गंगापूरचे पाणी पिते आणि सांडपाणी गोदावरीला देते. नदी पुढे नांदूर मध्यमेश्वरला येते. तिथल्या बंधाऱ्यावरून शंभर वर्षांहून जुने उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात आणि निफाड, येवला, सिन्नर, कोपरगाव, राहाता, वैजापूरच्या शेतांत जातात. बंधाऱ्याच्या फुगवट्यातली पाणवेल कोणी मुद्दाम लावलेली नाही. नत्र आणि स्फुरद यांवर ती पोसली आहे. याच पाणथळ जागेला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. पुढे हेच पाणी जायकवाडीत, आणि तिथून छत्रपती संभाजीनगरच्या नळांत. शेतकऱ्याचा संताप रास्त आहे. महापालिकेचे मलनिस्सारण नीट होणे ही पहिली मागणी आहे आणि ती मीही करतो.

पण त्या संतापातून काढलेला निष्कर्ष शेतकऱ्याच्याच विरोधात जातो. समजा कालव्याच्या पाण्यात शहराच्या सांडपाण्यामुळे लिटरला १० मिलिग्रॅम नत्र आहे. एकरी २,००० घनमीटर पाणी दिले तर २० किलो नत्र फुकट आले, म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी. ज्याला हे माहीत आहे तो एक गोणी कमी टाकेल. ज्याला माहीत नाही तो पूर्ण मात्रा टाकेल. द्राक्षाची काडी नुसती माजेल, घड जिरेल, आणि उरलेले नत्र खालच्या गावाच्या विहिरीत जाईल. पाण्याची तपासणी झाली तर आपल्यावर आरोप येईल या भीतीने जो तपासणी टाळतो, तो शहराविरुद्धचा आपला सर्वांत भक्कम पुरावाही टाळतो. बंधाऱ्यावर कालव्यात शिरणाऱ्या पाण्यात काय होते आणि लाभक्षेत्रातून ओढ्याने परत येणाऱ्या पाण्यात काय आहे, या दोन आकड्यांतली वजाबाकी हातात असेल तर कोणी कोणावर काय लादले ते ठामपणे सांगता येईल. ती नसेल तर महापालिका शेतकऱ्याकडे बोट दाखवेल, शेतकरी महापालिकेकडे, आणि प्रदूषण मंडळाचा अहवाल कपाटात राहील.

आपल्या पाणीतंट्यांचा इतिहास पाहिला तर हीच उणीव सारखी खुपते. गोदावरीच्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ चा, त्यावरचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश १९ सप्टेंबर २०१४ चा, उच्च न्यायालयाचा निकाल २०१६ चा. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून किती सोडायचे, यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा वर्षानुवर्षे भांडत आहेत. सगळे भांडण टीएमसीचे. सोडलेल्या एका टीएमसीत क्षार किती, नत्र किती, हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. खालच्याला पाणी मिळण्याचा हक्क आहे, तर वापरण्यालायक पाणी मिळण्याचाही आहे. आणि तोच हक्क नाशिक शहराच्या खाली राहणाऱ्या निफाडकरालाही आहे. गुणवत्तेचा मुद्दा पुढे आणण्यात पहिला फायदा निफाडचा आहे, हे आमच्या नेत्यांना का दिसू नये?

तिसरा आक्षेप संशोधनावरच आहे. उपाय माहीत आहेत. भूमिगत सच्छिद्र पाइप टाका, अनुदान द्या, मोकळे व्हा. आता आणखी संशोधन कशाला? याला उत्तर देताना आपल्याच राज्याचा अनुभव पुढे ठेवतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ मध्ये सुरू झाले, आणि पंचवीस वर्षांच्या आत, १९१० मध्ये, हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध करावा लागला. १९१६ मध्ये मुंबई सरकारने पुण्यात सिंचनासाठी एक खास संशोधन विभाग काढला. त्याच्यासमोर दख्खनच्या कालव्यांखालचे हेच दुखणे होते. क्लॉड इंग्लिस यांनी तिथे काम केले, आणि त्याच विभागातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. म्हणजे महाराष्ट्रातल्या पाणी-संशोधनाचा पायाच बिघडलेल्या जमिनीवर घातला गेला आहे. दारणा धरण पूर्ण झाले तेही १९१६ मध्येच. पुण्यात ज्या रोगावर अभ्यास सुरू होत होता, त्याची कारणे त्याच वर्षी नाशिकमध्ये बांधून तयार होत होती.

पुढचे शतक ज्ञानाच्या अभावी वाया गेले असे कोणी म्हणू नये. ज्ञान होते. कर्नालला १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे, सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे, भूमिगत निचऱ्याचे अंतर आणि खोली यांची कोष्टके आहेत. तरी जमिनी वर्षानुवर्षे पडून राहिल्या. अलीकडे शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने, गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने, हजारो एकर क्षारपड जमीन पुन्हा पिकाखाली आणली, ती पाइप नवे निघाले म्हणून नव्हे. गावातले सगळे खातेदार एकत्र बसले, मुख्य वाहिनी कोणाच्या शेतातून जाणार ते ठरले, आणि पाण्याला नदीपर्यंत वाट मिळाली म्हणून. एका खातेदाराने नाही म्हटले तर पाइप तिथेच थांबतो. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याचसाठी पुढचा प्रश्न विचारतो. त्या मुख्य वाहिनीतून बाहेर पडलेल्या पाण्यात किती क्षार आणि किती नत्र नदीला जाते? शिरोळला खाली कृष्णेसारखी मोठी, वाहती नदी आहे. निफाडच्या ओढ्याखाली उन्हाळ्यात वाहते पाणी नसते. खाली असते पुढच्या गावाची विहीर, नाहीतर नांदूर मध्यमेश्वरचा फुगवटा. शिरोळचा नकाशा उचलून निफाडात टाकता येणार नाही. संशोधन लागते ते इथे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न न्यायालयातही जाऊन आलेला आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मक्याच्या शेतांखाली शंभर वर्षांपासून निचऱ्याच्या नळ्या आहेत. त्यांतून नायट्रेट रॅकून नदीत येते आणि डी मॉइन शहराला ते काढून टाकण्यासाठी पैसा मोजावा लागतो. तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा नत्राच्या भाषेत लिटरला १० मिलिग्रॅम. आपल्या ४५ मिलिग्रॅम नायट्रेटच्या जवळपास तेवढीच. २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन परगण्यांच्या निचरा मंडळांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. शहराला दाद मिळाली नाही, आणि खटला फेटाळल्याने नदीतले नत्र काही कमी होणार नव्हते. शहर आणि शेत यांच्यात कटुता मात्र वाढली. तिकडे जे टिकाऊ काम होत आहे ते वेगळ्या वाटेने: विद्यापीठे, शेतकरी आणि सरकारी खाती एकत्र येऊन शेताच्या कडेला मोजमाप करतात. पीक नसताना निचऱ्याचे तोंड फळीने वर उचलून पाणी जमिनीत धरतात. नळीचे पाणी लाकडाच्या चिपांनी भरलेल्या चरातून नेतात, तिथे जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. आणि कोणत्या उपायाने किती नत्र अडते, किती खर्च येतो, याचे आकडे वर्षानुवर्षे जुळवतात.

ते जसेच्या तसे इकडे आणा असे मी म्हणणार नाही. त्यांचा पाऊस वर्षभर विभागलेला, आपला चार महिन्यांचा. पण नाशिकमध्ये दर छाटणीला काड्यांचे ढीग पडतात. काही बागांत त्यांचा भुगा करून मातीत मिसळतात, काही ठिकाणी त्या जळतात. या काड्या निचऱ्याच्या चराच्या तोंडाशी भरल्या तर आपल्या उष्णतेत त्या किती दिवस टिकतील, नायट्रेट किती उतरेल, पहिल्या मोठ्या पावसात चर वाहून जाईल का, हे निफाडातच करून आणि मोजून पाहावे लागेल. यातून काही निघणारच नाही असेही होऊ शकते. तेही कळायला हवे.

मग हे कोणी करायचे? एकत्र काम करणे आमच्याकडे जमत नाही, समित्या होतात आणि विरतात, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी ओझरला जावे. वाघाड कालव्याच्या शेपटाशी असलेल्या या गावाला पाणी पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना घेऊन १९९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घेतले, मोजून वाटले. कालव्याचे पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या, आणि ज्यांच्या विहिरींना पाझर लागला त्यांच्याकडून पट्टी घेतली. पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रावर संस्था झाल्या, प्रकल्पस्तरीय संस्था झाली, आणि २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यामागे जे अनुभव होते त्यांत ओझरचा अनुभव ठळक होता. त्याच्याही कितीतरी आधीपासून मोसम, आरम, गिरणा, पांझरेवर फड पद्धतीत गावे पाणी वाटत आली होती. ज्या शेतकऱ्याने जमिनीखाली मुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याची पट्टी शेजाऱ्यांकडून राजीखुशीने वसूल करून दाखवली, तो ओढ्याच्या तोंडावर पाण्याचे नमुने घेऊ शकणार नाही?

आणि जवळ काय नाही? दिंडोरी रस्त्यावर १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) आहे, तिच्याकडे मातीचे आणि पाण्याचे परीक्षण होते. निफाडला राहुरी कृषी विद्यापीठाचे जुने संशोधन केंद्र आहे, पिंपळगाव बसवंतला कांदा-द्राक्ष संशोधन केंद्र आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, लाभक्षेत्र विकास प्राधिकरण आहे, प्रदूषण मंडळाची नदीवरची नमुना केंद्रे आहेत. तासा-दीड तासाच्या अंतरात इतकी सामग्री महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. यातला प्रत्येक जण आपापल्या नमुन्याची नोंद ठेवतो. भूजलवाल्याची विहीर, कृषी खात्याची मृदा आरोग्य पत्रिका आणि कालव्याचा विसर्ग हे तिन्ही आकडे एकाच ओढ्याच्या नकाशावर शेजारी मांडून, त्या ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांसमोर वाचण्याची रीत मात्र आपण पाडलेली नाही.

सहभागी संशोधनाच्या नावाखाली जे चालते त्यावरचा राग मला समजतो. फलक लागतो, चहा होतो, प्रश्नावली भरून घेतात, माणसे निघून जातात, आणि निष्कर्ष कुठल्याशा नियतकालिकात इंग्रजीत येतो. त्या कामाचा मी बचाव करणार नाही. मी मागतो आहे ते असे: निफाड तालुक्यातला पाटाखालचा एकच ओढा निवडा. त्याच्या पाणलोटातले शेतकरी, त्यांच्या पाणीवापर संस्थेमार्फत, प्रश्न ठरवतील. ओढ्याच्या उगमापाशी, मधे आणि तोंडाशी पंधरवड्याला नमुना गावातलीच प्रशिक्षित मुले-मुली घेतील; पहिल्या पावसात आणि आवर्तन सुटल्यावर जास्त वेळा. काही विहिरींची पातळी आणि नायट्रेट त्याच दिवशी नोंदले जाईल. महापालिका बंधाऱ्यावरच्या पाण्याचे आकडे त्याच वहीत देईल. आणि निकाल पुढच्या छाटणीच्या आत संस्थेच्या बैठकीत मराठीत वाचला जाईल, कारण छाटणीनंतर आलेला निकाल बागाईतदाराच्या कामाचा नाही. हे किमान पाच वर्षे चालले पाहिजे. एका दुष्काळी आणि एका अतिवृष्टीच्या वर्षाशिवाय निचऱ्याचे खरे रूप दिसत नाही.

आकडे आमच्यावरच उलटतील, द्राक्षाची निर्यात बुडेल, ही भीती उरते. ती गंभीरपणे घेतली पाहिजे. म्हणून नमुना ओढ्याच्या तोंडाशी घ्यायचा, कोणा एकाच्या बांधावर नव्हे. व्यक्तीच्या शेताचा आकडा त्या व्यक्तीचा, ओढ्याचा आकडा संस्थेचा, असे लेखी ठरवायचे आणि त्यावर दंडाची कारवाई होणार नाही हे सरकारने आधी मान्य करायचे. बाकी, मोजमापाने बाजार बुडतो हे नाशिकच्या अनुभवाला धरून नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात आमची द्राक्षे अडली, तेव्हा पैसे बुडाले ते तपासणी कमी पडली म्हणून. २००६ पासून अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये प्लॉटनोंदणी होती, अवशेषांची तपासणी होती. त्या धक्क्यानंतर ती आणखी कडक झाली, आणि त्याच कडक तपासणीच्या जोरावर नाशिकचे द्राक्ष पुन्हा युरोपच्या दुकानांत गेले. देठ परीक्षण, पाणी परीक्षण, अवशेष परीक्षण यांना सरावलेला असा शेतकरी देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्याला विज्ञान झेपणार नाही असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीवर मोठा खर्च होऊ घातला आहे. घाट बांधले जातील, मलनिस्सारण केंद्रे वाढतील, नाशिकच्या हद्दीतली नदी काही काळ तरी निर्मळ दिसेल. त्या निधीतला अगदी लहानसा वाटा हद्दीच्या खाली, निफाडच्या एका ओढ्यावर, पाच वर्षांसाठी राखून ठेवा. नमुन्यांच्या बाटल्या, दोन वाहकतामापक, एक नायट्रेट संच, गावातल्या चार मुलांचे मानधन आणि मेरीच्या प्रयोगशाळेशी लेखी करार एवढ्यावर काम सुरू होते. पहिली फेरी येत्या जूनच्या पहिल्या पावसाआधी घ्यावी लागेल, म्हणजे उन्हाळ्यात वर आलेले क्षार धुतले जाण्यापूर्वीचा आकडा हाती लागेल.